सगळ्यात शांत प्रभाग

उठावाच्या आदल्या दिवशी पद्मजाबाई मगदूम प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांना एकच काम करायचं होतं, खोटं बोलायचं. तेही तोंडानं नव्हे. इचलकरंजीच्या सांडपाण्याचे आकडे रोज सकाळी मुंबईला जात. त्यातल्या चार प्रभागांचे आकडे आज खाली ओढून पाठवायचे होते. सरकार उलथवण्याच्या कटात नवऱ्याच्या वाट्याला भाषण यावं आणि आपल्या वाट्याला गटार, याचं त्यांना सुरुवातीला हसू यायचं. आता दीड वर्ष गुप्त बैठकांचे चहा करून आणि कपबशा विसळून त्या इतक्या दमल्या होत्या, की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, एवढंच वाटत होतं.

त्यांनी पडद्यावरचे आकडे पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग यंत्राला तोच नमुना दुसऱ्यांदा पाजला. आकडा तोच आला.

खाली ओढण्यासारखं काही नव्हतंच. ते चार प्रभाग गावातले सगळ्यात शांत प्रभाग होते, आणि त्यातही अकरा नंबर, जिथून उद्या सकाळी हजारो विणकर रस्त्यावर यायचे होते, तो तर बहुधा अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात शांत असावा.

या यंत्रणेचं सरकारी नाव 'जनस्पंदन'. लोक तिला गटारपंचायत म्हणत. तिच्यामागचं शास्त्र अवघड नव्हतं. माणूस चिडला, घाबरला, काळजीत पडला, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. काम झालं की त्याचे तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. एका माणसाची लघवी तपासायची तर त्याला विचारावं लागतं. गटाराला कोण विचारतो? जुन्या साथीच्या काळात शास्त्रज्ञ सांडपाण्यातून विषाणूंचा माग काढायला शिकले होते, तीच युक्ती पुढं नेली गेली. प्रत्येक प्रभागाच्या मुख्य गटारात एक नळी बसवली. ती दिवसभर घोटघोट पाणी ओढायची. प्रयोगशाळेतलं यंत्र त्यातले रेणू वजनावरून वेगळे काढून मोजायचं. प्रभागात किती माणसं होती याचा अंदाज चहातल्या कॅफीनच्या अवशेषांवरून यायचा. एकाला दुसऱ्यानं भागलं की तणावांक हाती आला. कोण चिडलंय हे त्यातून कळत नसे. कुठली आळी चिडलीय, हे मात्र आळीच्या आधी मंडळाला कळे.

मंडळ म्हणजे राज्य स्थैर्य मंडळ. निवडणुका बंद होऊन सात वर्षं झाली होती. "पाच वर्षांतून एकदा तुमचं मत विचारण्यापेक्षा आम्ही रोज सकाळी विचारतो," असं मंडळाचं म्हणणं होतं, आणि वैताग असा की ते अगदीच खोटं नव्हतं. तणावांक चढला की दुपारपर्यंत टँकर यायचा. खड्डे बुजायचे, रेशनवर तेल यायचं, गेलेली वीज परत यायची. एवढं करूनही आकडा उतरला नाही, तर मग त्या भागातले चार बोलके लोक उचलले जायचे. हे क्वचित व्हायचं, गाजावाजा न करता व्हायचं, आणि त्यातले सगळे परत येत नसत.

पद्मजाबाईंचे यजमान भूपालराव कामगार न्यायालयात वकील होते. न्यायालय बंद पडल्यावर नुसतेच वकीलसाहेब उरले. ते म्हणायचे, "गोठ्यातल्या म्हशीचीही एवढीच काळजी घेतात, पद्मजा. फक्त तिला काही विचारत नाहीत." उद्याचा कट त्यांचा होता. सूतगिरणीचा भोंगा झाला की चार प्रभागांतले माग बंद पडायचे, माणसांनी मंडळाच्या कचेरीवर चालत जायचं, आतल्या दोन अधिकाऱ्यांनी दार उघडायचं आणि तिथून निवडणुकीची घोषणा करायची. कोल्हापूर, मालेगाव, भिवंडी इचलकरंजीकडे डोळे लावून बसली होती. पोलीस निरीक्षक तांदळेंनीही शब्द दिला होता, आणि तो प्रामाणिक होता. "वकीलसाहेब, दहा हजार आले तर मी तुमचा. शंभर आले तर मी पोलीस."

अडचण या यंत्राचीच होती. हजारो माणसं महिनोन्‌महिने मनात राग धरून बसली, की तो गटारात उतरणारच. आकडे एखाद्या दिवशी फिरवता आले असते, रोज नाही, कारण नमुने अधूनमधून पुण्याला फेरतपासणीला जात. तो एक दिवस उठावाची हाक पोचल्यानंतरचा, म्हणजे आजचा, असं ठरलं होतं. तेव्हा बैठकीत पद्मजाबाईंनीच तोडगा सुचवला होता. यंत्राला फसवता येत नाही, शरीरालाही येत नाही. मग शरीर खरोखरच शांत ठेवायचं. तणाव कमी करण्याचे उपाय काही गुपित नव्हते. लांब श्वास, शवासन, जेवणानंतर फोन बंद, अश्वगंधाचा काढा, संध्याकाळी एकत्र भजन. चारही प्रभागांत आरोग्याच्या नावाखाली वर्ग सुरू झाले. बायकांचा वर्ग पद्मजाबाई स्वतः घेत. "अंगानं शांत, मनानं पेटलेले," असं भूपालरावांनी बैठकीत टाळ्या घेत सांगितलं. मन जणू अंगाच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहतं!

वर्गाला येणाऱ्यांना एवढं ठाऊक होतं, की एक दिवस हाक येणार आहे. वर्ग कशासाठी चाललेत हे मात्र त्यांना सांगितलं नव्हतं. लोकांच्या पोटात काही राहत नाही, असं कटाच्या समितीचं मत पडलं होतं.

आता पडद्यावरच्या आकड्याचे दोन अर्थ निघत होते. एक, वेश झकास जमलाय. आत निखारे आहेत, वर राख आहे, उद्या फुंकर मारली की झालं. दुसरा अर्थ पद्मजाबाईंना मनातसुद्धा धड उच्चारवेना. त्यांनी खरे आकडे जसेच्या तसे मुंबईला पाठवले. कटातलं त्यांचं काम बटण दाबताच संपलं. त्यांनी पर्स उचलली आणि अकरा नंबरात गेल्या.

*

अक्काताई टकले दारातच मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. यंत्राच्या फिरत्या चात्यावर कांडी चढवायची, दोरा लावायचा, भरली की उतरवायची, डोळे मिटूनही तिचे हात चालले असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या संभाजीला मागावरून उचललं होतं. कामगार संघटनेत होता, बोलका होता. अजून पत्ता नव्हता. त्यानंतर ही बाई मंडळाच्या कचेरीसमोर उन्हात बसायची, साहेबांच्या गाडीला आडवी जायची. त्या वर्षी अकरा नंबरच्या आकड्यात एकट्या अक्काताईचा वाटा केवढा असेल, असं पद्मजाबाईंच्या नेहमी मनात यायचं. वर्गाला सगळ्यात आधी आली तीही तीच.

"या की बाई. आज हिकडं कशी वाट वाकडी केलीसा?"

"सहज आले. बरी आहेस ना?"

"लई बरी हाय बगा." अक्काताई हसली. तिचे गाल भरले होते. "तुमच्या त्या श्वासानं झोप लागाय लागलीया. पयलं संभ्याचं त्वांड डोळ्यापुढनं हलायचंच न्हाई. आता हलतंय."

पद्मजाबाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या. अक्काताईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"अक्काताई, उद्याची हाक कळली ना?"

"कळली की. भोंगा झाल्यावर ना?"

"मग येणार ना?"

अक्काताईनं भरलेली कांडी उतरवली, दुसरी चढवली. "येतो की," ती म्हणाली. "जमलं तर."

तिच्या आवाजात भीती नव्हती, टाळाटाळही नव्हती. नात्यातल्या लांबच्या बारशाला बोलावल्यावर माणूस जसं म्हणतो, तसं ती म्हणाली होती. पद्मजाबाई आणखी तीन-चार घरी गेल्या. सगळ्यांनी आपुलकीनं बसवलं, एकीनं शिरा दिला. रेश्मा बागवान वर्गातली सगळ्यात तापट बाई, तिनंही "बगू की" म्हणून गॅस बारीक केला.

*

दुपारी भूपालराव जेवायला बसले होते. भाकरी मोडतानाही ओठ हलत होते, उद्याचं भाषण चाललं होतं. पद्मजाबाईंनी त्यांच्यापुढं वाटी ठेवली आणि समोर बसल्या.

"अहो, उद्या कुणी येणार नाही."

"कोण म्हणतं?"

"आकडे म्हणतात. आणि मी फिरून आले."

त्यांनी सगळं सांगितलं. भूपालरावांनी शांतपणे ऐकून घेतलं, वकिलीची सवय. मग म्हणाले, "आकडा खाली ठेवायचा हे तुझंच ना? तो खाली आला तर तूच घाबरतेस?"

"खाली ठेवायचा होता. हा त्याच्याही खाली गेलाय. तीन महिने रोज आपण त्यांच्या अंगातून राग काढत होतो. तो कुठं साठवून ठेवला होता का, की उद्या भोंगा झाल्यावर परत वाटायचा?"

"राग म्हणजे काय नुसतं तुझं ते संप्रेरक आहे? माणसाला अन्याय समजतो, पद्मजा. डोक्यानं समजतो."

"समजतो. त्यांना अजून समजतोच आहे. अक्काताईला विचारा, सगळं बरोबर सांगेल. पण समजणं वेगळं आणि चप्पल घालून रस्त्यावर येणं वेगळं. त्याला आतून काहीतरी ढकलावं लागतं. तेच आपण शवासनात घालवलं."

भूपालराव जेवायचे थांबले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला चूक कबूल करताना फारसं पाहिलं नव्हतं, आणि स्वतः तर कधीच केली नव्हती.

"मी एक करू शकते," पद्मजाबाई म्हणाल्या. "दुपारचा एक सुधारित आकडा जातो. चारही प्रभाग चढे दाखवते. संध्याकाळपर्यंत टँकर, पोलीस, सगळं येऊन बसेल. रस्ते बंद होतील. उद्याचं आपोआप रद्द. तुम्ही घरी राहाल."

"आणि लोकांना वाटेल, सरकारनं होऊ दिलं नाही."

"वाटू दे की. कुणाचं काय बिघडतंय?"

भूपालरावांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना रात्ररात्र झोप नसायची, वीस वर्षं झाली. वर्गात ते कधी गेले नव्हते. वेळच मिळायचा नाही म्हणे.

"नको," ते म्हणाले. "तू तसं केलंस तर मी वाचेन. पण ते आले असते की नाही, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. मी रोज तुला दोष देईन. तोंडानं नाही देणार, पण देईन."

"म्हणजे माझ्यावर राग नको म्हणून तुरुंगात जाणार?"

"तसंच समज." आणि ते चक्क हसले. "आता ताक दे."

पद्मजाबाईंना त्यांचा इतका संताप आला, आणि इतकी माया आली, की त्यांनी ताकाचं भांडं जवळजवळ आपटलंच. दुपारचा आकडा त्यांनी खरा पाठवला.

*

सकाळी भोंगा झाला. पद्मजाबाई चौकातल्या औषधाच्या दुकानापाशी उभ्या होत्या. काही गल्ल्यांतले माग थांबले, थोडा वेळ कान बधिर झाल्यासारखं वाटलं. मग एकेक करून ते पुन्हा सुरू झाले.

चौकात तीस-पस्तीस माणसं जमली. समितीतले बहुतेक, काही जुने संघटनेचे म्हातारे, कोल्हापूरहून आलेल्या दोन बायका. भूपालराव मधोमध उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. भाषण चांगलं होतं, हे त्या रागातही पद्मजाबाईंना कबूल करावं लागलं.

लोक आले नाहीत असं नाही. लोक गॅलरीत आले, दारात आले. कुणी दार लावून घेतलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. उलट सगळे मोठ्या कौतुकानं ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं वरून हात जोडले. समोरच्या हॉटेलवाल्यानं सगळ्यांना चहा पाठवला आणि पैसे घेतले नाहीत. भीती असती तर पद्मजाबाईंना चाललं असतं. भीतीचं पुढं काहीतरी करता येतं. पण तिथं नुसता सद्भाव होता, अगदी मनापासूनचा. तिसऱ्या मजल्यावर रेश्मा कठड्याला टेकून उभी होती. अक्काताई दारात कांडीचं यंत्र बंद करून आली, थोडा वेळ ऐकलं, मान डोलावली आणि आत गेली.

निरीक्षक तांदळे जीपमधून उतरले. त्यांनी चौकावरून एकदा नजर फिरवली. मग टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"वकीलसाहेब," ते जवळ येऊन म्हणाले, "आणखी जरा थांबू का?"

भूपालरावांनी वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "तुमचाही खोळंबा कशाला?"

ते स्वतःच गाडीत चढले. गाडी निघाली तेव्हा वरून कुणीतरी म्हणालं, "सावकाश जावा हं साहेब."

*

दहाएक दिवसांनी मंडळाचे विभागीय अधिकारी ऋत्विक सरनाईक प्रयोगशाळेत आले. तरुण, गोड बोलणारे. त्यांनी टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

"मॅडम, आधी आनंदाची बातमी. साहेबांना आज संध्याकाळी सोडतोय."

पद्मजाबाईंनी विचारलं, "खटला?"

"कशाला? अटक झाली त्या दिवशी अकरा नंबरचा आकडा किती वाढला, तुम्हीच पाहिलाय ना? शून्य. उद्या शिक्षा केली तर उगाच वाढायचा." ते हसले. "शिक्षा करण्याइतकं काही झालंच नाही, मॅडम. वाईट वाटून घेऊ नका."

पद्मजाबाईंना वाईट वाटलं. फाशीची शिक्षा झाली असती तर वाटलं असतं त्याहून निराळं, पण फार वाईट.

"तुमचे त्या दोन दिवसांचे आकडेही आम्ही पुण्यात पुन्हा तपासले," सरनाईक त्याच आवाजात म्हणाले. "खरे निघाले. म्हणून आपण पेढे खात बसलोय." त्यांनी पुडा उघडून पुढं केला. "खरं सांगू? आम्ही सात वर्षं टँकर पाठवतोय, तेल पाठवतोय. लोकांचा तणाव उतरतो, महिन्याभरात परत चढतो. तुमच्या वर्गांनी जे केलं ते आम्हाला जमलं नाही. मुळातूनच काढलंत तुम्ही. पुढच्या महिन्यापासून राज्यभर सुरू करतोय. प्रत्येक प्रभागात एक शांतिवर्ग. आणि त्याच्या प्रमुख तुम्ही."

"मी?"

"मग कोण? कल्पना तुमचीच आहे ना?"

पद्मजाबाईंनी विचार करून सांगते म्हटलं. त्यांनी पेढा घेतला नाही, एवढीच काय ती क्रांती.

संध्याकाळी भूपालराव घरी आले. मारहाण झाली नव्हती. रोज वेळेवर जेवण, वेळेवर औषध, सकाळी अंगणात चालायला नेत. ते हे सगळं सांगत राहिले आणि मग सांगायचं संपलं. दुसऱ्या दिवशी जेवून ते कॉटवर आडवे झाले आणि लगेच झोपले. चांगले घोरायला लागले. पद्मजाबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. वीस वर्षं त्या या माणसाच्या जागरणाला कंटाळल्या होत्या. मध्येच उठून येरझारा, खिडकीशी पुटपुटणं, 'तू झोप गं' म्हणून दिवा लावणं. आता तो गाढ झोपला होता, आणि त्याला गदागदा हलवून जागं करावंसं त्यांना वाटत होतं.

तो उठल्यावर त्यांनी त्याला सरनाईकांचं बोलणं सांगितलं.

"घे की," भूपालराव म्हणाले. "निदान पगार तरी वाढेल."

हे वाक्य भूपाल मगदूम बोलला होता. पद्मजाबाईंना रडूच आलं. आपण गावाचा राग काढता काढता घरातलाही काढून ठेवला, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला चहा करून दिला, आणि चहा गाळता गाळता त्यांचं ठरलं.

*

वर्ग समाजमंदिराच्या हॉलमध्ये भरे. पहिल्या पाळीच्या बायका माग सोडून थेट येत, केसांत सुताची पांढरी फुलं घेऊन. सगळ्या आपापली चटई पसरून आडव्या झाल्या. अक्काताई पहिल्या रांगेत, रेश्मा खिडकीशी. डोळे मिटलेलेच होते, सांगायची गरज नव्हती.

"उठून बसा," पद्मजाबाई म्हणाल्या.

बायका जरा नाराजीनं उठल्या. पद्मजाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. गटारातली नळी, यंत्र, कॉर्टिसॉल. बायकांना त्यातलं बरंचसं आधीच ठाऊक होतं, गटारपंचायतीची थट्टा त्यांनीच सुरू केली होती. मग पद्मजाबाईंनी बैठकीतलं सांगितलं. वर्ग का काढले, कुणी काढले, काढा कशासाठी पाजला, आणि हे कुणालाही का सांगायचं नाही असं ठरलं. शेवटी सरनाईकांचे पेढे सांगितले. स्वतःची बाजू काही मांडली नाही. मांडण्यासारखी फारशी नव्हतीच.

बायका मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसून राहिल्या. सवय लागली होती ना! कुणीतरी लांब श्वाससुद्धा घेतला.

मग रेश्मा म्हणाली, "मी दवाखान्यात गेले होते." तिचा आवाज बारीक होता. "वकीलसाहेबांना नेलं त्या दिवशी. मी वरून बघत होते आणि मला काहीच वाटलं नाही. काहीच नाही. माझ्या अब्बांची केस त्यांनी फुकट लढवली होती. मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. डॉक्टर म्हणाले, तब्येत एकदम छान आहे." ती थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी माहीत होतं. आदल्या दिवसापासून."

"आणि त्याआधी तीन महिने?"

"तेव्हा मला वाटत होतं की मी हुशार आहे."

मागून कुणीतरी चटई गुंडाळून भिंतीवर फेकली. "म्हंजे तेनी पानी पाजून गप केलं, आन्‌ तुमी काढा पाजून!" एकदम चार-पाच आवाज उठले. आमाला काय येडं समजलासा काय. पोटात ऱ्हात न्हाई म्हनं. आमच्या पोटात काय काय ऱ्हायलंय तुमाला काय ठावं.

अक्काताई उठली. तिच्या गळ्याची शीर फुगली होती. पद्मजाबाईंसमोर येऊन ती इतकी जवळ उभी राहिली, की तिच्या अंगाचा सुताच्या खळीचा वास यायला लागला.

"माज्या पोराचं दुःख माजं हुतं, बाई," ती म्हणाली. "दोन वरसं धरून बसलो हुतो. त्यास्नी टँकर धाडून न्हाई काढता आलं. तुमी काढलंसा." आणि मग ती ओरडलीच, "कुणाला इचारून?"

"कुणालाच नाही," पद्मजाबाई म्हणाल्या.

हॉलमध्ये एकच गलका झाला. बायका एकमेकींवर, पद्मजाबाईंवर, समितीवर, मंडळावर ओरडत होत्या. कोण रडत होतं, कोण शिव्या देत होतं. अक्काताई खाली बसून संभाजीच्या नावानं छाती पिटत होती, दोन वर्षांपूर्वीसारखी, आणि दोघी-तिघी तिला धरायला धावल्या होत्या. पद्मजाबाईंच्या ओठांवर सवयीनं शब्द आले होते, शांत व्हा, डोळे मिटा, श्वास सोडा. ते त्यांनी गिळले. आपण हे बरं केलं की आणखी एक पाप केलं, हे त्यांना कळत नव्हतं. पण निदान हे त्या बायकांचं त्यांना परत मिळालं होतं.

त्या गर्दीतून वाट काढत दारापर्यंत आल्या. पायरीपाशी भूपालराव उभे होते. घराची किल्ली पद्मजाबाईंच्याच पर्समध्ये राहिली होती, म्हणून चालत आले होते. त्यांनी आतल्या गलक्याकडे कान दिला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काय चाललंय आत?"

"भांडण."

"कुणाशी?"

"माझ्याशी," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांना इतकं दमल्यासारखं वाटत होतं, की त्या पायरीवरच बसल्या. "आत जा तुम्ही. तुमच्याही वाटणीचं आहे."

भूपालरावांनी शर्टाची कॉलर नीट केली, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. आतला आवाज क्षणभर बंद झाला. त्या शांततेत अक्काताईचा घोगरा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.

"या, वकीलसाब. बसू नगा. हुबं ऱ्हावा."